रस्ता बंद होण्याआधी

जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले आणि २२ तारखेला तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. आंबेनळी घाट तुटला, वरंध घाट बंद झाला. त्याआधी सोळा वर्षे, जुलै २००५ मध्ये, दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. अशा दिवसांत वाडीवरच्या जखमी माणसापर्यंत डॉक्टर पोहोचत नाही, सलाईन पोहोचत नाही, वीज नसल्याने फ्रीजमधले इंजेक्शनही टिकेल याची खात्री नसते. अशा वेळी त्या माणसाजवळ एकच औषध असू शकते, ते म्हणजे कधीतरी आधी टोचलेली लस. लसीबद्दल लोक नेहमी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे देण्यासाठी म्हणूनच महाड-पोलादपूर ही जागा चांगली आहे. लस बाळाला इतक्या लहानपणी का टोचायची, पुन्हा पुन्हा का टोचायची, टोचूनही आजार का होतो, कुत्रा चावल्यावर टोचलेली लस कशी चालते आणि विंचू चावण्याआधी लस का टोचत नाहीत, हे सगळे प्रश्न वेगवेगळे वाटतात. माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: रोगजंतू किंवा विष आपले काम उरकण्याआधी शरीराचा बचाव तिथे पोहोचतो की नाही?

शरीराला बचाव करता येत नाही असे नाही. त्याला वेळ लागतो. एखादा जंतू पहिल्यांदा आत आला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी शोधल्या जातात, त्यांची संख्या वाढते, मग त्या प्रतिपिंडे बनवू लागतात. या सगळ्याला साधारण एक ते दोन आठवडे जातात. तोच जंतू दुसऱ्यांदा आला तर आधीच्या भेटीची स्मृती बाळगणाऱ्या पेशी तयार असतात आणि हेच काम काही दिवसांत होते. लस शरीराला ही पहिली भेट घडवून देते, पण आजाराशिवाय. कधी तिच्यात दुबळा केलेला जिवंत जंतू असतो, जसा गोवराच्या लसीत. कधी मेलेला जंतू. कधी जंतूचा एखादा तुकडा. तर कधी त्याचे विष, पण त्याचा विषारीपणा काढून घेतलेला, जसे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीत. एकच डोस पुरत नाही तो यामुळे, की पहिल्या डोसाने ओळख होते आणि पुढच्या डोसांनी ती पक्की होते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस, मग दीड-दोन वर्षांच्या दरम्यान आणि पुन्हा पाच-सहा वर्षांना बूस्टर, हे वेळापत्रक या हिशेबावर बसवलेले आहे. मधला डोस चुकला तर आधीचे डोस फुकट जात नाहीत, राहिलेला डोस पुढे देता येतो. पण तोवरचे दिवस मूल उघडे राहते.

विंचवाचे उदाहरण इथे फार उपयोगी आहे आणि ते याच मातीतले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन माणसे, विशेषतः मुले, दगावत. अशा गंभीर रुग्णांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक हाती लागत नसत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणांच्या नोंदी केल्या; त्या १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने विषाचा परिणाम उतरवता येतो हे त्यांनी दाखवले आणि मृत्यूंचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. त्यानंतर विंचवाचे प्रतिविष आले. महाडमध्येच सत्तर रुग्णांवर झालेली, २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेली डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची चाचणी असे सांगते की नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत पूर्ण बरे झालेले ३५ पैकी ८ होते, प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्यांत ३५ पैकी ३२. जगात कुठेही मोलाचा ठरेल असा हा पुरावा एका तालुक्याच्या गावात तयार झाला, याचा इथल्या माणसाला अभिमान वाटायला हवा.

या प्रतिविषालाही लोक ‘विंचवावरची लस’ म्हणतात आणि मग साहजिक प्रश्न येतो: लस आहे तर पावसाआधी सगळ्यांना टोचून का ठेवत नाहीत? याचे उत्तर वेळेत आहे. विंचवाचे विष मिनिटांत-तासांत आपले काम करते. शरीराची स्मृती कितीही ताजी असली तरी तिला जागे व्हायला दिवस लागतात. तोवर निकाल लागून गेलेला असतो. म्हणून तिथे दुसऱ्याच्या शरीरात बनलेली तयार प्रतिपिंडे लागतात. घोड्याला विषाचे बारीक बारीक, वाढते डोस देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की ती काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे सर्पदंशाचे प्रतिविषही असेच बनते. हा बचाव ताबडतोब मिळतो, पण उसना असतो. काही दिवसांत-आठवड्यांत तो शरीरातून निघून जातो आणि मागे स्मृती ठेवत नाही. शिवाय त्याला दवाखाना लागतो, शीतसाखळी लागते, रिअॅक्शन आली तर सांभाळणारा डॉक्टर लागतो. याचा सरळ अर्थ असा की ज्या रोगांवर खरी लस आहे, तिथे ती आधी टोचून घेण्याचे मोल दवाखान्यापासून जितके दूर जावे तितके वाढते. मुंबईत राहणाऱ्याला उशीर झाला तरी धावपळ करता येते. कांगोरी गडाच्या पायथ्याच्या किंवा उमरठच्या बाजूच्या वाडीवरच्या माणसाला ती सोय नाही.

धनुर्वात हे या सगळ्या चर्चेचे खरे केंद्र आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. जखम झाली की ‘टीटी’ घ्यायची हे कोकणात घराघरात ठाऊक आहे, पण बहुतेकांचा समज असा की धनुर्वात गंजातून होतो. गंजाचा संबंध एवढाच की गंजलेला खिळा बहुधा मातीत पडलेला असतो. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, वर्षानुवर्षे टिकतात, आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत जागे होतात. भाताच्या खाचरात पायात घुसलेली काडी, कुंपणाचा काटा, पूर ओसरल्यावर चिखलात दडलेला पत्रा, सगळे सारखेच धोकादायक. जंतू जखमेतच राहतो, पण त्याचे विष मज्जातंतूंतून वर चढते आणि जबडा, मान, पाठ ताठरते. साधारण आठवडाभरात, कधी तीन दिवसांत तर कधी तीन आठवड्यांनी, लक्षणे सुरू होतात. विष एकदा मज्जातंतूला चिकटले की कोणत्याही औषधाने ते सोडवता येत नाही. जखमेनंतर घेतलेला डोस आधी लसीकरण झालेल्याला उपयोगी पडतो, कारण त्याची स्मृती जागी होऊन वेळेत कामाला लागते. ज्याने आयुष्यात कधी लस घेतलेलीच नाही त्याला तो एकटा डोस वाचवेलच असे नाही. मोठ्या, मळलेल्या जखमेत त्याला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. ‘टोचली ना टीटी, मग झाले’ या समाधानात ही गोष्ट राहून जाते.

‘आजार होऊन गेला की अंगात ताकद येते, मग लस कशाला’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. काही आजारांपुरते ते खरेही आहे. पण धनुर्वाताचे विष इतके जहाल की माणसाला मारायला जेवढे पुरते तेवढे शरीराला ओळख पटवायलाही पुरत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही म्हणून लस द्यावीच लागते. त्याला तो आजार पुन्हा होऊ शकतो. गोवराची गोष्ट आणखी वेगळी. गोवर होऊन गेला की गोवरापासून संरक्षण मिळते, पण त्याची किंमत इतर रोगांच्या बाबतीत मोजावी लागते. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांवरचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे सांगतो की गोवराने मुलांच्या शरीरातली इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्के पुसून टाकली. गोवरानंतर न्यूमोनिया आणि जुलाबाने मुले का जातात याचा उलगडा यातून होतो. ‘आमच्या वेळी सगळ्यांना गोवर यायचा, कुणाला काय झाले?’ असे विचारणाऱ्यांत जी मुले वाचली नाहीत ती अर्थातच नसतात.

नवजात बाळाचा धनुर्वात हे लसीकरणाच्या यशाचे सर्वांत स्पष्ट आणि सर्वांत कमी बोलले जाणारे उदाहरण आहे. घरी बाळंतपण, न उकळलेल्या पात्याने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेले शेण किंवा राख, आणि आठवड्याच्या आत बाळ अंगावर पिणे बंद करून ताठरायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १९८८ मध्ये जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालके अशी गेली. बाळाला जन्मल्या जन्मल्या लस देऊन उपयोग नाही, त्याच्या शरीराला तेवढा वेळच नाही. म्हणून लस आईला दिली. तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. गरोदरपणातली दोन इंजेक्शने आणि दवाखान्यातले, निदान स्वच्छ हातांचे बाळंतपण यांच्या जोरावर भारताने २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन साधले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. देवीसारखा हा रोग पृथ्वीवरून जाणार नाही. माती आहे तोवर तो आहे. देवी माणसाकडूनच माणसाला होत असे, तिला दुसरे घर नव्हते, म्हणून भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जगाने देवी संपल्याचे जाहीर केले. धनुर्वाताच्या बाबतीत शेजाऱ्याने घेतलेली लस तुमच्या काहीच कामाची नाही. प्रत्येक पिढीला, प्रत्येक माणसाला ती स्वतःच घ्यावी लागेल.

गोवराचा हिशेब याच्या बरोबर उलटा आहे. गोवर हवेतून पसरतो. लस न घेतलेले दहा जण एका घरात रुग्णासोबत राहिले तर त्यांतले नऊ जण आजारी पडतात. तो थोपवायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात, आणि ते सगळीकडे सारखे असावे लागतात. तालुक्याचा आकडा चांगला असून एखाद्या वाडीचा वाईट असेल तर आजाराला ती वाडी पुरते. महाड-पोलादपूरच्या बाबतीत मला दोन जागा नाजूक वाटतात. एक म्हणजे वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे. पावसाळा संपला की ती वाडी सोडतात आणि पुढच्या पावसाआधी परततात. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा डोस नेमका त्या काळात पडला तर गावच्या यादीत मूल ‘गैरहजर’ आणि भट्टीच्या गावच्या यादीत मूलच नाही. दुसरी म्हणजे मुंबईशी असलेले नाते. शिमगा आणि गणपतीला चाकरमानी घरी येतात, पालखीच्या दिवसांत घराघरांत मुलांची दाटी असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची मोठी साथ आली, भिवंडी आणि मालेगावातही ती दिसली. मुंबईतला गोवर आणि घाटाखालची वाडी यांच्यात रात्रीच्या एका एसटीचे अंतर आहे. इथेही वेळेचाच प्रश्न आहे, पण त्यात एक चांगली बातमी आहे: गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांत लस दिली तर ती बहुधा आजाराच्या पुढे जाते. आशाताईंना वेळेत कळले तर एवढे करता येते.

‘लस घेतलेल्यांनाच जास्त झाला’ हे वाक्य करोनाच्या काळात गावोगाव ऐकू आले. ते खोटे म्हणून झटकून टाकण्यापेक्षा त्याचा हिशेब मांडावा. समजा, शाळेत शंभर मुले आहेत. नव्वदांना गोवराचे दोन्ही डोस झालेत, दहांना एकही नाही. दोन डोसांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते. साथ आली तर लस न घेतलेल्या दहांतले नऊ आजारी पडतील, लस घेतलेल्या नव्वदांतले तीन. आजारी बारा, त्यांतले तिघे लस घेतलेले, म्हणजे चौथा हिस्सा. नुसता हा चौथा हिस्सा पाहिला तर लस कुचकामी वाटते. पण एका गटात दहांतले नऊ आणि दुसऱ्यात नव्वदांतले तीन, हे शेजारी ठेवून पाहिले की शंका उरत नाही. लसीकरण जितके अधिक तितके रुग्णांत लस घेतलेले अधिक दिसणार. शंभर टक्के मुलांना लस दिली तर झालेला प्रत्येक रुग्ण लस घेतलेलाच असेल. करोनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. नाका-घशातच वाढणारा आणि झपाट्याने रूप बदलणारा विषाणू स्मृती जागी होण्याआधी पसरून जातो, पण फुप्फुसांपर्यंत पोहोचायला त्याला दिवस लागतात. लस सर्दी-ताप थांबवू शकली नाही तरी ऑक्सिजनची वेळ येण्यापासून तिने पुष्कळांना वाचवले ते यामुळे.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यात वेळ आपल्या बाजूने असतो. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचायला बहुधा एक ते तीन महिने घेतो, म्हणून चावल्यानंतर दिलेली लसही आधी पोहोचू शकते. पण जखम तोंडाजवळ, हातावर किंवा खोल असेल तर तो अवधी आखडतो. तिथे जखमेतच तयार प्रतिपिंडे टोचावी लागतात आणि कोणताही चावा असला तरी सगळ्यांत आधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी लागते. पोटातली चौदा इंजेक्शने आता नाहीत. ती जुनी लस भारताने २००४ च्या अखेरीस बंद केली. लेप्टोस्पायरोसिसची गोष्ट मात्र निराशाजनक आहे. पुराच्या पाण्यात उंदीर-गुरांच्या मूत्रातून येणाऱ्या या जंतूचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत आणि एकाविरुद्धची ओळख दुसऱ्याविरुद्ध फारशी चालत नाही. म्हणून आपल्याकडे माणसासाठी त्याची लस वापरात नाही. पुरानंतर डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्यांवर आणि ताप अंगावर न काढण्यावर भिस्त ठेवावी लागते. ‘शास्त्रज्ञांनी मनावर घेतले तर सगळ्यावर लस निघेल’ असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता सुरक्षिततेचा आक्षेप. तो घेणाऱ्या आईबापांना अडाणी म्हणणे मला पटत नाही. सुदृढ बाळाला सुई टोचायची तर शंका येणारच. पेंटाव्हॅलंटनंतर ताप येतो, मांडी दुखते. क्षयरोगावरच्या बीसीजी लसीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो आणि व्रण राहतो. हे अपेक्षित आहे आणि नर्सबाईने आधीच सांगायला हवे. तीव्र अॅलर्जी दहा लाख डोसांत एखाद्या वेळी येते. अर्धा तास थांबवून ठेवतात ते त्यासाठी. कोव्हिशील्डसारख्या लसीनंतर फार थोड्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा गंभीर त्रास झाला, हेही खरे आहे. गोवराच्या लसीने ऑटिझम होतो हा १९९८ मधला दावा मात्र खोटा ठरला, तो शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत तसा कोणताही संबंध सापडला नाही. लसीच्या इतिहासातली खरी दुर्घटना आपल्या जवळची आहे. वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी त्या लसीच्या एका बाटलीतून एकोणीस माणसे धनुर्वाताने गेली. हाफकिन यांच्यावर ठपका आला. बाटली उघडताना गावातच दूषित झाली होती हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. लस चांगली होती, ती हाताळणे चुकले होते. एवढ्या वर्षांनंतरही सर्वाधिक काळजी तिथेच घ्यावी लागते.

म्हणूनच ‘फ्रीजची वीज जाते, सरकारी लस खराब झालेली असते’ या शंकेला सविस्तर उत्तर द्यायला हवे. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातला बर्फाचे अस्तर असलेला फ्रीज दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी तापमान धरून ठेवतो. तिथून बर्फाच्या पिशव्यांच्या पेटीतून लस वाडीवर जाते. कुपीवर एक लहानसे वर्तुळ असते आणि त्याच्या आत फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी फेकायची. हे पाहण्यासाठी शिक्षण लागत नाही, कोणतीही आई नर्सबाईला ‘दाखवा’ म्हणू शकते. धनुर्वाताची लस उष्णतेपेक्षा गोठण्याने अधिक बिघडते, आणि ते चौकोनावर दिसत नाही. म्हणून ती बर्फाला थेट टेकू द्यायची नसते. गोवराच्या लसीची पूड पाण्यात मिसळल्यावर चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. लहान वाडीवर दोनच मुले आली की कुपी वाया जाईल म्हणून हात आखडतो. एका मुलासाठीही कुपी उघडायची असे धोरण आहे आणि ते पाळलेच पाहिजे. वाया गेलेले डोस पुन्हा मागवता येतात. फुकटची लस हलकी असते हाही समज आधाराचा नाही. कसौलीसारख्या केंद्रीय प्रयोगशाळेने मंजूर केल्याशिवाय लसीचा कोणताही घाणा बाजारात किंवा सरकारी केंद्रात येत नाही.

या आढाव्यातून एक उणीव मला स्पष्ट दिसते आणि ती मुलांची नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात धनुर्वात-घटसर्पाची ‘टीडी’ लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते, आणि पुढे गरोदर स्त्रीला. २०१९ पासून टीटीच्या जागी हीच आली आहे. म्हणजे सोळा वर्षांनंतर पुरुषाला लस मिळते ती जखम झाल्यावरच. नांगर धरणारे, दरडीखाली हात घालून माणसे काढणारे, पुरानंतर चिखल उपसणारे हात प्रामुख्याने त्यांचे आणि पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायांचे आहेत. तरुण मुंबई-सुरतेला असतात. आधीचे डोस झालेल्याला दर दहा वर्षांनी एक टीडी पुरते. दरडप्रवण आणि पूरप्रवण ठरवलेल्या गावांत मृगाआधी, मे महिन्यात, मोठ्या माणसांसाठी टीडीची सत्रे घेणे तालुक्याला जड जाऊ नये. यावर रास्त आक्षेप असा की अनेकांनी दर खरचटण्याला टीटी घेतलेली असते, आणि फार कमी अंतराने डोस घेतले तर दंड सुजून दुखतो. तो आक्षेप मान्य करूनच काम करावे लागेल. बाळाचे कार्ड आई ट्रंकेत जपून ठेवते, मोठ्या माणसाच्या डोसाची मात्र तारीख कुठेच लिहिलेली नसते. पहिल्या सत्रात लस टोचण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे प्रत्येकाच्या हाती तारखेची नोंद असलेले कार्ड देणे आणि त्याची प्रत उपकेंद्रात, पाणी चढणार नाही अशा जागी ठेवणे.